साहेबांचं बोलणं: किती घ्यायचं, किती सोडायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका युनिटच्या ऑफिसात काम करता. ऐन मे महिन्याच्या गर्दीत दोन शाळांचा साइज रेशो (कुठल्या मापाचे किती नग कापायचे ते प्रमाण) तुमच्या हातून अदलाबदल झाला आणि तसाच कटिंगला गेला. त्यावर मॅनेजर सगळ्या फ्लोअरसमोर म्हणाले, “साधी साइज शीट जमत नाही तुम्हाला? डोकं काय घरी ठेवून येता? शाळेची ऑर्डर आणि शीट शेजारी ठेवून एकदा बघितली असती तर चौथीच्या पोरांना छत्तीसचा शर्ट गेला असता का?” संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या सीनियर मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “रागावू नकोस गं, तुझ्या भल्यासाठी सांगते, हे फील्ड तुझ्यासाठी नाही.” घरी वडिलांचं म्हणणं, नोकरी म्हटल्यावर बोलणी खावीच लागतात. आणि तुम्ही विचारता, यातलं खरं कुठलं, लागट कुठलं, की मीच फार मनाला लावून घेते?

माझं उत्तर आधी सांगून टाकते. मॅनेजरांच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य घ्या, आधीची दोन सोडा. सीनियर मॅडमचं काहीच घेऊ नका. आता यामागचं कारण.

मॅनेजरांचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. आवाज चढलेला आहे, प्रश्न टोचणारा आहे, पण त्यात एक काम लपलेलं आहे: शाळेची मूळ ऑर्डर आणि तुमची शीट शेजारी ठेवून ताडून बघायची, मगच कटिंगला द्यायची. उद्या सकाळी तुम्ही हे करू शकता, आणि केलं की नाही हे कुणालाही तपासता येतं. “डोकं घरी ठेवून येता का” याचं उद्या सकाळी काय करणार? “हे फील्ड तुझ्यासाठी नाही” याचं तरी काय करणार? आवाज मऊ, हात पाठीवर, तरी त्यातून हाती काही लागत नाही. ते ऐकून माणूस एक तर नोकरी सोडतो, नाही तर आतून खचत राहतो. साइज शीट मात्र आहे तशीच राहते.

म्हणून मी लोकांना सांगते की बोलणं किती लागलं यावरून निवाडा करू नका. खरं बोलणंही लागतं. बऱ्याचदा ते खरं असतं म्हणूनच जास्त लागतं. आणि निव्वळ अपमान एखाद्या निबर माणसाला लागतही नाही, म्हणून तो सल्ला ठरत नाही. बोलणाऱ्याचा हेतू शोधत बसण्यातही फारसा अर्थ नाही. हेतू दिसत नाही, आणि चांगल्या हेतूने माणसं काय वाटेल ते बोलतात. बघायचं ते एवढंच: हे ऐकल्यावर पुढच्या वेळी हातानं काय वेगळं करायचं ते कळलं का?

आपल्या गावात तर स्वरावर जाणं फारच धोक्याचं. सोलापूरचं बोलणं मुळात रांगडं. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा चार भाषा एका शेडमध्ये नांदतात आणि वर लूमचा खडखडाट, त्यामुळे ओरडल्याशिवाय ऐकूच जात नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी मनुष्यबळ सांभाळायला होते. तिथे एक म्हातारे जॉबर, म्हणजे लूम लावून देणारे मिस्त्री, होते. नव्या पोराला त्यांची हाक ठरलेली: “काय बे, आंधळा झालास का? डाव्या बाजूची कड बघ की, सैल सुटलीय. आधी बीमचा ताण बघ, मग लूम चालू कर.” पोरगं पहिल्या आठवड्यात रडवेलं व्हायचं. पण त्या बोलण्यातलं “आंधळा” सोडलं तर बाकी सगळं शिकवणं आहे: कुठे बघायचं, काय बिघडलंय, आधी काय करायचं. आणि कड सरळ आली की म्हातारा दुसरीकडे वळायचा, पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढायचा नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं आज दुसऱ्यांच्या लूम लावून देतात.

त्याच कारखान्याच्या ऑफिसात एक गृहस्थ होते. आवाज कधी चढला नाही, सगळ्यांना अहो-जाहो, चहा विचारल्याशिवाय बोलणं नाही. फक्त तुमच्या टेबलाशी थांबून म्हणायचे, “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती बरं का.” कुठली अपेक्षा, कशाबद्दल, काही नाही. माणूस दिवसभर आपलीच फाइल उलटीपालटी करत बसायचा. माझ्याकडे रडत आलेली बहुतेक माणसं या दुसऱ्यांच्या टेबलावरून आलेली असायची.

आता वडिलांच्या मुद्द्याकडे. त्यांच्या पिढीचं एक ठाम मत असतं की बोलणी खाल्ल्याशिवाय माणूस तयार होत नाही. ते पूर्ण खोटंही नाही. कामावर शेरा मिळाला की सरासरीने काम सुधारतं. पण १९९६ साली अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर तोवर झालेले अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा सहाशेहून जास्त निष्कर्षांपैकी एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी शेऱ्यानंतर काम उलट बिघडलेलं निघालं. त्यांनी दिलेलं कारण कारखान्यात वावरलेल्या कुणालाही पटेल. शेरा ऐकल्यावर लक्ष कामावर राहिलं तर काम सुधारतं. लक्ष कामावरून उठून “मी कशी आहे, माझी लायकी काय” याच्यावर गेलं की हात चुकायला लागतात. तुम्ही लिहिलंय की त्या दिवसानंतर शीट चार-चारदा तपासूनही परवा पुन्हा एक आकडा चुकला. त्याचं कारण निष्काळजीपणा नाही. तुम्ही शीट तपासताना निम्मं लक्ष मॅनेजरांच्या केबिनच्या दाराकडे ठेवता.

हेच कौतुकालाही लागू आहे, याची लोकांना गंमत वाटते. “तू फार हुशार आहेस” याने कान सुखावतात, पण पुढच्या वेळी काय परत करायचं ते कळत नाही. “तू ट्रिम कार्डवर (बटण, लेबल असे नमुने लावायच्या कार्डावर) बटणाचा नमुना लावून पाठवलास म्हणून शिलाईवाल्यांना फोन करावा लागला नाही” हे कौतुक कामाचं. (ट्रेनिंगवाले आधी गोड, मधे कडू, शेवटी गोड असं बोलायला शिकवतात. मला ती पद्धत कधीच पटली नाही. ऐकणारा दोनदाच फसतो, तिसऱ्यांदा गोड सुरू झालं की पोटात गोळा येतो.)

तुमच्याच कामातलं उदाहरण घ्या. कापडाचं थान आलं की चेकिंग टेबलावर तुम्ही ४ पॉइंट पद्धतीने तपासता. ३ इंचांपर्यंतच्या दोषाला दंडाचा १ गुण, ३ ते ६ ला २, ६ ते ९ ला ३, त्याच्या वर ४. जिथे दोष तिथेच खूण. १०० चौरस यार्डांमागे गुण किती झाले ते मोजायचं, साधारण ४० च्या आत असलं तर पास. त्या तक्त्यात विणणाऱ्याच्या अकलेसाठी रकाना नाही. आणि आणखी एक गोष्ट, जी रोज करूनही आपल्या लक्षात येत नाही: एका यार्डात कितीही दोष निघाले तरी ४ च्या वर गुण देताच येत नाहीत. दंडाला वरची मर्यादा आहे. रागाला ती नसते. तुमची चूक एका शीटची होती. मोठ्या साइजचे कापलेले भाग छाटून लहान करता येतात, लहानाचे मोठे होत नाहीत, म्हणजे एका शाळेचा बराच माल वाचला असेल आणि दुसरीचा गेला. नुकसान खरं आहे, पण त्याची मोजदाद होते. “तुम्हाला काही जमत नाही” या वाक्याची मोजदाद कशी करणार?

मग ऐकून घेण्याची वेळ येते तेव्हा प्रत्यक्षात करायचं काय?

त्या क्षणी काहीच ठरवू नका. चेहरा गरम झालेला असताना ना दिलगिरी नीट निघते, ना उत्तर. “बघते सर” एवढं पुरतं. घरी गेल्यावर, त्याच दिवशी, वहीत दोन रकाने करा. डावीकडे प्रत्यक्ष उच्चारलेले शब्द, जसेच्या तसे. उजवीकडे तुम्हाला त्यातून काय वाटलं. हे आजच करायला हवं, कारण दोन दिवसांनी शब्द विसरतात आणि अर्थ तेवढा उरतो. डावीकडे “शीट पुन्हा बघा” असतं आणि उजवीकडे “मला काढून टाकणार”. असा कागद समोर आला की काही वेळा माणसं स्वतःच हसतात. आणि काही वेळा डावीकडचेच शब्द इतके वाईट असतात की उजवीकडे लिहायला काही लागत नाही. दोन्ही गोष्टी कळणं महत्त्वाचं.

दुसऱ्या दिवशी, शांत वेळ बघून, एकच प्रश्न विचारा: “सर, पुढच्या शीटच्या वेळी कटिंगला देण्याआधी मी नेमकं काय तपासू?” माझ्या अनुभवात या एका प्रश्नाने जेवढं कळतं तेवढं महिनाभराच्या निरीक्षणाने कळत नाही. ज्याला कामाचं पडलेलं आहे तो, भले कपाळाला आठ्या घालून, सांगतो: ऑर्डर ताड, एकूण नग जुळव, शंका आली तर शाळेत फोन कर. कधी कधी तो थबकतो, कारण त्याच्या लक्षात येतं की ही पद्धत आपल्या युनिटमध्ये कुणी कधी लिहूनच ठेवलेली नाही. उलट ज्याला फक्त राग काढायचा होता तो म्हणतो, “आता तेही मीच सांगू?” तेवढ्यावरून लगेच शिक्का मारू नका, कदाचित ट्रक दारात उभा असेल. आठवड्याने पुन्हा विचारा. दोनदा, तीनदा तुम्ही काम विचारलं आणि दर वेळी उत्तर तुमच्यावरच आलं, तर तिथून शिकायला काही मिळणार नाही हे धरून चाला.

याहून पक्की कसोटी म्हणजे वेळ. चुका कमी झाल्या की बोलणं कमी होतं का? म्हाताऱ्या जॉबरचं व्हायचं. तुमच्या पुढच्या दहा-पंधरा शीट बिनचूक गेल्या आणि तरी तेच टोमणे, तोच जुना किस्सा नव्या माणसासमोर पुन्हा, तर ते बोलणं कधी शीटबद्दल नव्हतंच. हंगामाचाही हिशेब करा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्याआधीचे दोन-अडीच महिने गणवेशाच्या धंद्यात कुणीच शुद्धीवर नसतं, त्यात सोलापूरचा मे. तेव्हाचं बोलणं वहीत लिहा, पण त्यावर आयुष्याचा निर्णय घेऊ नका. ऑगस्टमध्ये काय बोलतात ते बघा.

आणखी एक बघायचं: हे सगळ्यांना बोलतात की तुम्हालाच? सगळ्यांना बोलत असतील तर ती सवय आहे, वाईट सवय, पण तुमच्याबद्दलचं मत नव्हे. तीच चूक दुसऱ्याकडून झाली की हसून सोडतात आणि तुमच्याकडून झाली की फ्लोअर गोळा करतात, असं असेल तर कारण शोधायला हवं. इथे भाषेबद्दल एक सांगते. टेबलाभोवती चार जण तेलुगूत काही बोलून हसले की ज्याला तेलुगू येत नाही त्याला ते आपल्यावरच वाटतं. बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नातला किस्सा चाललेला असतो. सरळ विचारा, “मला पण सांगा की.” सांगतात.

पण बोलणं जातीवर, बाईपणावर, अंगाच्या ठेवणीवर गेलं, तर घ्यायचं काय नि सोडायचं काय हा प्रश्नच संपला. ती टीका नव्हे. लैंगिक स्वरूपाचे शेरे, इशारे असतील तर २०१३ चा कायदा आहे. १० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. युनिट त्याहून लहान असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा लोकांदेखत जातीवरून अपमान करणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मात्र नुसतं ओरडणं, “डोकं घरी ठेवलं का” म्हणणं यापैकी कशातही बसत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. त्यासाठी बोलावंच लागतं.

ते बोलणं असं. डिस्पॅच गेल्यावर, चहाच्या सुमाराला, केबिनमध्ये, उभ्याने नाही तर बसून. आधी तुमची बाजू संपवा: “सर, साइज शीटची चूक माझी होती. आता ऑर्डरशी ताडून, त्यावर सही करून मगच कटिंगला देते.” शक्य असेल तर ती सहीची शीट दाखवा. मग थांबा, श्वास घ्या, आणि दुसरं वाक्य: “चूक झाली तर जरूर सांगा, कडक सांगा. फक्त सगळ्यांसमोर नको, मला आत बोलवून सांगा. समोर बोललात की हाताखालची माणसं नंतर माझं ऐकत नाहीत.” शेवटचं कारण मुद्दाम घातलंय. “मला वाईट वाटतं” हे खरं असलं तरी काही साहेबांना त्याचं सोयरसुतक नसतं; काम अडतं म्हटलं की कान टवकारतात. व्हॉट्सॲप ग्रुपचंही त्याच बैठकीत काढा. हल्ली फ्लोअरपेक्षा ग्रुपवरचा अपमान जास्त टिकतो, रात्री अकराला लाल खुणा केलेला फोटो येतो आणि सकाळपर्यंत तीस जणांनी पाहिलेला असतो. ग्रुपवर त्याला उत्तर देऊ नका. “पाहते सर” एवढं लिहा आणि बोलायचं ते फोनवर किंवा समोर.

आपल्याकडची बरीच युनिटं घरची असतात. मॅनेजर मालकांचा मेव्हणा असतो, मनुष्यबळ विभाग म्हणजे हजेरी घेणारा एक मुलगा. तिथे तक्रार कुणाकडे करणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. अशा ठिकाणी माणसाची तक्रार घेऊन मालकांकडे जाऊ नका, पद्धत मागायला जा: “शीट कटिंगला जाण्याआधी दुसऱ्या कुणाची सही हवी, म्हणजे अशी चूक माझ्याकडून काय, कुणाकडूनच होणार नाही.” नात्यातल्या माणसाला दोष न देता बदल होतो, आणि पुढची चूक झाली तरी ती एकट्या तुमच्या डोक्यावर फुटत नाही.

सीनियर मॅडमचं राहिलं. त्यांना वाईट ठरवायची गरज नाही. कदाचित त्यांना कुणीतरी हेच ऐकवलं असेल. पुढच्या वेळी म्हणाल्या तर प्रेमाने विचारा, “मॅडम, माझं कुठलं काम बघून असं वाटलं?” उत्तर आलं तर वहीत लिहा, उपयोगी पडेल. “असंच आपलं, मला वाटलं” आलं तर हसून आपल्या कामाला लागा. निंदकाचं घर शेजारी असावं असं आपण म्हणतो, पण शेजाऱ्याचं दार लावून घेता येतं. टेबल शेजारी असलं की रोज आठ तास ऐकावं लागतं, तेव्हा किती आत घ्यायचं ते आपणच ठरवायचं.

झोप उडाली, जेवण जाईना, कामावर निघायच्या वेळी छातीत धडधड होते असं दोन-तीन आठवडे चाललं, तर कसोट्या लावत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि समजा हे सगळं करून झालं, ऑगस्ट उलटला, शीट बिनचूक चालल्यात आणि फ्लोअरवरचे तमाशे तसेच चालू आहेत, तर दुसरं काम बघायला मोकळ्या आहात. त्यात पळपुटेपणा काही नाही. फक्त रागाच्या भरात, हंगामाच्या मध्यावर चालत्या होऊ नका, कारण त्याने थकलेला पगार अडकतो आणि गावभर नाव होतं. गणवेशाचा धंदा छोटा आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. आधी पगाराच्या पावत्या काढून ठेवा, पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक) चालू आहे का बघा, नोटीस लेखी द्या, त्याची पोच घ्या आणि अनुभवाचं पत्र हातात पडल्यावरच शेवटचा दिवस भरा. नव्या ठिकाणी मुलाखतीला जाल तेव्हा एक गोष्ट तुम्हीही विचारून घ्या: इथे कटिंगला जाण्याआधी साइज शीट कोण तपासतं?